मोबाईलवरचे प्रशिक्षण आणि आपले दिव्यांग कर्मचारी

ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



यंदाच्या बिगर हंगामापासून आपल्या कारखान्याने कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण मोबाईलवर आणायचे ठरविले आहे, हे गट सभांमधून आपल्या कानावर आलेच असेल. चिटबॉय, शेतकी मदतनीस, वजनकाट्यावरचे लिपिक, इतकेच काय पण गव्हाणीवर काम करणारे हंगामी कामगार, या सर्वांनी दहा-दहा मिनिटांचे पाठ फोनवर पाहावयाचे, शेवटी प्रश्नांची उत्तरे द्यावयाची आणि उत्तीर्ण झाल्याची नोंद आपोआप कार्यालयात व्हावयाची, अशी ही योजना आहे. योजना चांगली आहे. पूर्वी लांबच्या गटातून माणूस बोलवायचा म्हणजे त्याचा एक दिवस जायचा, कारखान्याला जेवणाचा व प्रवासाचा खर्च पडायचा, आणि दुपारनंतर निम्मे सभागृह डुलक्या घ्यायचे. तो प्रकार आता थांबेल.

परंतु याच योजनेत, उत्तीर्ण झाल्याची नोंद नसेल तर हंगामात ड्युटी नाही, असा एक नियम आहे. त्यावर एका गट सभेत एका वयस्कर सभासदांनी उठून विचारले, "साहेब, आमचा नातू एका हाताने अधू आहे. चिटबॉयचं काम तो चोख करतो, तुम्हीही बघितलंय. पण फोनवर चित्र बोटानं धरून सरकवत नेऊन दुसरीकडं सोडायचं, ते त्याला होत नाही. मग त्याची ड्युटी गेली म्हणायची का?"

हा प्रश्न एका घरापुरता नाही. हे पाठ आपल्या, म्हणजे सभासदांच्याच पैशातून तयार होत आहेत. ते कसे करून घ्यावेत हे सभासदांना माहीत असावे, म्हणून हा लेख.

पहिली शंका अशी निघते की, आपल्याकडे असे कर्मचारी आहेत तरी किती? बोटांवर मोजण्याइतके. त्यांच्यासाठी एवढा खटाटोप कशाला? शेजारी बसून कोणीतरी उत्तरे भरून देईल. ही शंका वाईट हेतूने कोणी काढत नाही हे आम्ही जाणतो. पण मोजदाद जरा नीट करावी. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख आणि एकट्या महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक अपंग व्यक्तींची नोंद झाली. (पूर्वी आपण अपंग म्हणत असू, आता सरकारी कागदात दिव्यांग हा शब्द आहे. आम्ही दोन्ही वापरू.) त्या वेळी कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. २०१६ च्या कायद्याने ते २१ केले. शिवाय कागदावर अपंग नसलेले किती? कडबाकुट्टीत बोटे गेलेला माणूस प्रत्येक वाडीवर एखादा सापडतो. गिरणी विभागात वीस-वीस हंगाम काढलेल्यांना कमी ऐकू येते, पण ते कोणाला सांगत नाहीत. आणि मोतीबिंदू झालेल्या सभासदाला ऊसनोंदीचे अक्षर दिसत नाही, म्हणून तो फोन नातवाच्या हातात देतो. हे सगळे या हिशोबात धरले पाहिजेत.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात 'खाजगी आस्थापना' म्हणजे काय, याच्या व्याख्येत कंपनीच्या जोडीला सहकारी संस्था आणि कारखाना हे दोन्ही शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. तेव्हा 'आपण सहकारी, आपल्याला हे लागू नाही' असे म्हणण्यास जागा नाही. प्रत्येक आस्थापनेने समान संधीचे धोरण जाहीर करावयाचे आहे. वीस किंवा अधिक कर्मचारी असतील तर त्या धोरणात नेमणुकीनंतरचे व बढतीपूर्वीचे प्रशिक्षण, सहायक साधने आणि अडथळा नसलेली व्यवस्था यांचा उल्लेख असावा लागतो, असे २०१७ चे नियम सांगतात. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, पुढच्या वेळी पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत.

न्यायालयानेही अलीकडे यात लक्ष घातले आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, सुगमतेचे नियम नुसत्या शिफारशीसारखे ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक केले पाहिजेत. त्यानंतर ३० एप्रिल २०२५ चा निकाल तर आपल्या रोजच्या व्यवहारातला आहे. बँकेत किंवा सरकारी योजनेत फोनवर ओळख पटविताना 'डोळ्यांची उघडझाप करा' असे सांगतात. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि इतर, तसेच पूर्ण अंध असलेले अमर जैन, यांनी विचारले की ज्याला उघडझाप करताच येत नाही त्याने काय करावे? न्यायालयाने सांगितले की अशा सेवांपर्यंत पोचणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि दुसरे मार्ग ठेवण्याचे आदेश दिले. आपल्या सभासदांपैकी ज्यांनी शेतकरी सन्मान निधीसाठी फोनसमोर चेहरा धरून पाहिला आहे, त्यांना यातली अडचण फोड करून सांगायला नको.

पण दंडाच्या भीतीने केलेले काम कसे होते ते आपण जाणतोच. 'कोणीतरी शेजारी बसून भरून देईल' यात खरा धोका कुठे आहे, तो आम्ही आमच्या गावाकडच्या एका उदाहरणाने सांगतो.

आमचे मूळ गाव उमरोळी. हे घाटाखाली, पश्चिम रेल्वेवर पालघर आणि बोईसर यांच्या मधले स्टेशन. तिकडे भातशेती आणि वाडी, साखर कारखाना औषधालाही नाही. कृषी पदविका झाल्यावर आम्ही घाटावर आलो ते उसामुळे. गावातली बरीच तरुण मंडळी मात्र सकाळी उठून बोईसरला जातात, कारण पुढे तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. रसायने, औषधे, पोलाद, कापड असे नाना प्रकारचे उद्योग तिथे आहेत. आमच्या शेजारचा एक मुलगा असाच एका रासायनिक कारखान्यात लागला. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. गेटवरच सुरक्षेचा पाठ एका पाटीएवढ्या पडद्यावर दाखवला. त्यात एक माणूस नुसता बोलत होता. खाली अक्षर नाही, खुणा नाहीत. शेवटी दहा प्रश्न आले, ते बाजूच्या बाबूने पटापट भरून दिले. मुलगा दहापैकी दहा गुणांनी पास झाला.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा आम्ही त्याला कागदावर लिहून विचारले, वायू सुटला तर काय करायचे? त्याने लिहिले, 'सगळे पळतात तिकडे पळायचे.' पाठात काय सांगितले असेल याचा आम्हांस अंदाज आहे: भोंगा वाजला की वाऱ्याची दिशा पाहून आडव्या दिशेने बाहेर पडावे, जमायच्या ठिकाणी हजेरी द्यावी. पण भोंगाच ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी लुकलुकणारा दिवा हवा, आणि तो दिवा कुठे आहे हे पाठात दाखवायला हवे. कागदोपत्री मात्र तो मुलगा प्रशिक्षित ठरलेला होता.

आपल्याकडे रासायनिक कारखान्याइतका नसला तरी धोका आहेच. गव्हाण चालू होण्यापूर्वी घंटा होते. बॉयलर आहे, सल्फरची भट्टी आहे, उसाच्या गाड्यांची मागे-पुढे चालणारी रांग आहे. दुसऱ्याने भरून दिलेल्या प्रशिक्षणावर तिथे माणूस उभा करणे आम्हांस पसंत नाही. ज्याचा पाठ त्याने स्वतः, एकट्याने पुरा केला पाहिजे, आणि त्याला तो पुरा करता येईल असा पाठ आपण दिला पाहिजे.

आता पाठ असा करायचा म्हणजे काय करायचे, ते पाहू.

अंध माणूस फोन कसा वापरतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अँड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक' नावाची सोय आधीपासूनच असते. ती चालू केली की बोट फिरेल तिथले अक्षर फोन मोठ्याने वाचतो. संगणकासाठी 'एनव्हीडीए' नावाचे असेच साधन आहे, ते फुकट मिळते. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन अंध तरुणांनी ते उभे केले. ही साधने मराठीही वाचतात. मात्र एक अट आहे, आणि आपल्याकडे घोडे नेमके तिथेच अडते.

आपली परिपत्रके, अहवाल, किंबहुना हे वार्तापत्रसुद्धा वर्षानुवर्षे श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या अक्षरांत छापले जात आले. त्या पद्धतीत पडद्यावर 'ऊस' दिसतो, पण संगणकाच्या पोटात तिथे भलतीच इंग्रजी अक्षरे साठवलेली असतात. वर फक्त मराठी आकार चढवलेला असतो. पोत्यावर छाप युरियाचा आणि आत दुसरेच काही, असा हा प्रकार. आपण छाप बघतो. वाचणारे यंत्र पोते उघडून बघते आणि आतले अगम्य काहीतरी बोलू लागते. युनिकोड पद्धतीत मात्र 'ऊ' हा 'ऊ' म्हणूनच साठतो. म्हणून पहिली गोष्ट, पाठातला प्रत्येक शब्द युनिकोडमध्ये हवा. दुसरी गोष्ट, परिपत्रकाचा फोटो काढून तो पाठ म्हणून लावू नये. फोटोतले अक्षर हे यंत्राच्या दृष्टीने अक्षर नसून निव्वळ चित्र असते. (फोटो काढून गटावर टाकण्याची सवय तर आपल्या सर्वांनाच आहे.)

चित्रे काढून टाका असे कोणी म्हणत नाही. कीड-रोगांचा पाठ चित्राशिवाय कसा होणार? चित्राच्या पोटात दोन ओळींचे वर्णन लिहून ठेवायचे, ते डोळस माणसाला दिसत नाही, पण यंत्र वाचते. ते वर्णनही कामाचे असावे. 'फोटो क्रमांक तीन' असे लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे. लोकरी माव्याचे चित्र असेल तर 'पानाच्या खालच्या बाजूस मध्यशिरेच्या कडेने कापसासारखा पांढरा थर, खालच्या पानांवर काळी बुरशी' असे लिहावे. हे लिहायला शेतकी खात्याचाच माणूस पाहिजे. संगणकवाल्याला लोकरी मावा काय ठाऊक!

चलचित्राच्या पाठात बोलणाऱ्याची एक खोड असते. 'हे बघा, असं धरा, इथून कापा.' न दिसणाऱ्याला यातून काय कळावे? त्याऐवजी 'ऊस जमिनीलगत, बुडखा न ठेवता कापावा' असे म्हटले की ऐकणाऱ्यालाही कळते आणि बघणाऱ्याच्याही डोक्यात पक्के बसते. आम्हांस तर वाटते, आपल्या शिवारफेरीतसुद्धा असेच बोलावे.

ऐकू न येणाऱ्यांसाठी बोललेला प्रत्येक शब्द खाली अक्षरांत उमटला पाहिजे. हल्ली यंत्र आपोआप शब्द उतरवते, पण ते तपासल्याशिवाय ठेवू नये. बेणेप्रक्रियेत कांड्या अ‍ॅसेटोबॅक्टरच्या द्रावणात तीस मिनिटे बुडवावयाच्या असतात. यंत्राने 'तीस'चे 'तीन' केले तर पाठ पुरा होईल आणि प्रक्रिया फुकट जाईल. शिवाय जन्मतः बहिऱ्या व्यक्तींची पहिली भाषा पुष्कळदा खुणांची असते, मराठी त्यांनी नंतर शिकलेली असते. म्हणून वाक्ये आखूड ठेवावीत, आणि सुरक्षेच्या पाठात तरी खुणांच्या भाषेत बोलणारा माणूस एका कोपऱ्यात दाखवावा. भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत २०१५ पासून केंद्र सरकारचे स्वतंत्र केंद्र आहे. वाणी आणि श्रवणाच्या क्षेत्रात काम करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून मुंबईत वांद्र्याला आहे. मार्गदर्शनासाठी फार लांब जायला नको.

ही खालची अक्षरे नुसती बहिऱ्यांसाठीच आहेत असेही नाही. गिरणीच्या आवाजात कोणालाच काही ऐकू येत नाही.

हाताने अधू असलेल्यांचे म्हणाल तर, चित्र ओढून सरकवण्याचा प्रश्न ठेवायचाच नाही, आणि ठेवलाच तर तेच उत्तर एका टिचकीने देण्याची सोय शेजारी ठेवायची. बटणे मोठी आणि एकमेकांपासून सुटी हवीत. रानातून आलेल्या राकट बोटांनाही तीच सोयीची. वेळेची मर्यादा असेल तर ती वाढवता आली पाहिजे. सरकारी लेखी परीक्षांत दिव्यांग उमेदवारांना तासाला किमान वीस मिनिटे जादा देण्याचे मार्गदर्शन २०१८ मध्ये निघाले होते, आपणही तोच हिशोब धरावा.

रंगाविषयी एकच सांगतो. 'हिरवे बटण बरोबर, लाल चूक' असे ठेवू नये. लाल-हिरव्यात फरक न दिसणारे लोक असतात, त्यांत पुरुष अधिक, आणि पुष्कळांना स्वतःलाही ते ठाऊक नसते. रंगाबरोबर शब्दही लिहावा. फिकट करड्यावर पांढरे अक्षर दिसायला छान वाटते, पण उन्हात वाचता येत नाही. अक्षर आणि पाठीमागचा रंग यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ ला १ असावे, असे जागतिक मार्गदर्शक सूत्र आहे. साडेचार फुटी सरी लक्षात असली की हाही आकडा लक्षात राहतो. हे सूत्र ज्या मार्गदर्शिकेत आहे ती १९९९ मध्ये प्रथम निघाली, तिची २.२ ही आवृत्ती २०२३ ची आहे. आपल्या भारतीय मानक ब्यूरोचेही आयएस १७८०२ हे मानक आहे. कंत्राट देताना या दोन्हींचा उल्लेख कागदावर घालावा, असे आम्ही कार्यालयास सुचविले आहे.

सरीवरून आठवले. खर्च किती येतो, हा प्रश्न संचालक मंडळापुढेही निघाला होता. तोडणी यंत्र शेतात घालायचे तर साडेचार-पाच फुटी सरी लागते. लागणीच्या वेळी सरी रुंद सोडायला जादा खर्च काय येतो? फारसा नाही. पण तीन फुटी सरीत ऊस उभा राहिल्यावर यंत्र आणले तर ते आत जात नाही. मग यंत्राला दोष देऊन उपयोग काय? पाठांचे तसेच आहे. करतानाच वरील गोष्टी केल्या तर खर्च जाणवत नाही. तयार झालेले शंभर पाठ पुन्हा उकलायचे म्हटले तर मूळ कामाइतकाच पैसा जातो.

याचे प्रत्यंतर नुकतेच आले. पाठ करून देणाऱ्या कंत्राटदाराने पहिला नमुना पाठवला. आपल्या कार्यालयात सभासदांचे फोन घेणारे एक दृष्टिहीन सहकारी आहेत, त्यांच्या हाती तो दिला. त्यांनी बोट फिरवले आणि फोन बोलू लागला, 'बटण. बटण. बटण.' चौदा बटणे, आणि एकालाही नाव नाही! पुढे जायचे कोणते, मागे यायचे कोणते, काही पत्ता नाही. डोळ्यांना तोच नमुना उत्तम दिसत होता. कंत्राटदारास कळविले, त्यांनी बटणांना 'पुढे', 'मागे', 'पुन्हा ऐका', 'उत्तर पाठवा' अशी नावे दिली. काम अर्ध्या दिवसाचे होते. आणि हे सर्व पाठ झाल्यावर निघाले असते तर?

अजूनही काही सभासदांना वाटते की अंध माणसाला शेतीकामाचे प्रशिक्षण देऊन उपयोग काय. त्यांना एवढेच सांगतो की, उमरोळीवरून जाणाऱ्या त्याच रेल्वेने उत्तरेकडे गुजरातच्या हद्दीत गेले की उंबरगाव तालुक्यात फणसा हे गाव आहे. तिथे मुंबईच्या राष्ट्रीय अंधजन संघाने १९६० च्या सुमारास टाटांच्या देणगीतून ग्रामीण अंधांसाठी शेती प्रशिक्षण केंद्र काढले. त्या काळी ना फोन होता ना बोलणारे यंत्र. हाताने चाचपून, कानाने ऐकून, दोरी बांधून वाट लक्षात ठेवून माणसे शेतीची कामे शिकू शकतात, या विश्वासावर ते केंद्र उभे राहिले. आपल्या हाती आज त्याहून कितीतरी साधने आहेत.

आता सभासदांकडून काय हवे ते. पाठ सर्वांना देण्यापूर्वी ते दिव्यांग व्यक्तींकडून तपासून घ्यावयाचे ठरले आहे. डोळस माणसाने डोळे मिटून केलेली तपासणी पुरेशी नाही, कारण त्याला या साधनांची सवय नसते. आपल्या घरात, भावकीत, वाडीवर अशी कोणी व्यक्ती असेल, ती कारखान्यात नोकरीस असो वा नसो, आणि ती स्वतः फोन वापरत असेल, तर आपल्या गट कार्यालयात नाव नोंदवावे. तपासणीचे काम हे काम आहे, त्याचा हजेरीप्रमाणे मोबदला मिळावा असा प्रस्ताव आम्ही ठेवला आहे, आणि तो मंजूर होण्यास सभासदांनी वार्षिक सभेत पाठिंबा द्यावा ही विनंती. बहिऱ्या व्यक्तींबरोबर खुणा समजणारा घरचा माणूस आला तरी चालेल, मात्र उत्तरे ज्याची त्यानेच द्यावयाची आहेत.

येताना रोजच्या वापरातला स्वतःचाच फोन आणावा, पडद्याला तडा गेलेला असला तरी हरकत नाही. कानात घालायची वायर असल्यास तीही आणावी. कार्यालयाचे नवे फोन तपासणीसाठी देण्याची सूचना आली होती, ती आम्ही घेतली नाही. पाठ चालवायचे आहेत ते आपल्याच फोनवर.